रविवारची ट्रायल

हुसेन मेस्त्रींच्या गॅरेजात गाडी मंगळवारी दुरुस्त झाली, तरी रविवारपर्यंत ती तुमची नसते. कारण ट्रायल रविवारी. ट्रायलला मालकानं बरोबर यायचं आणि तेही मागं बसायचं. "फुडं बसणाऱ्याला गाडीचं दुखणं कळत न्हाय," हा त्यांचा कायदा. कायदा कुणी केला? त्यांनीच. दाद कुठं मागायची? त्यांच्याकडंच.

बारामतीहून इंदापूरला जाताना रस्त्याला लागूनच हे गॅरेज आहे. पिकअप, छोटे टेम्पो, व्हॅन, अशा पोटापाण्याच्या गाड्या इथं येतात. अशी गाडी उभी राहिली की मालकाचा धंदा बसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मेस्त्रींना कळत नाही. नाहीतर कळून घ्यायचं नाही.

हे कानावर आलं आणि मी गिऱ्हाइकांना भेटत सुटलो. एक कोंबडीवाला भेटला. हा माणूस टेम्पोच्या मागच्या हौद्यात, रिकाम्या पिंजऱ्यांच्या मधे, मांडी घालून शेळगावपर्यंत गेला आणि परत आला. "लोकं मला बघून हात करत होती हो," तो म्हणाला. मंडपवाल्यानं निदान खुर्ची तरी टाकली होती. पहिल्याच गतिरोधकाला ती त्याच्यासकट उलटली. मोरगावचा दूधवाला तर रडकुंडीला आला होता. "माझं गाव मावळतीला, ह्यांची ट्रायल उगवतीला! डिझेल कुणाचं? माझं!"

कारण ट्रायल नेहमी शेळगावलाच. गाडी कुठलीही असो, बिघाड कसलाही असो. हॉर्न बदलला तरी शेळगाव.

मग लोक जातात कशाला? "काम चोख करतो हो," असं सगळे म्हणतात. ह्या एका वाक्यापायी आपल्याकडं किती जुलूम खपवून घेतलेत! काम चोख करतो म्हणजे काय, उपकार करतो? त्यासाठीच तर आपण जातो ना?

तरी हे सगळं मी ऐकून सोडून दिलं असतं. पण निरवांगीच्या माझ्या आत्याचा क्लच गेला. आत्याची शाळेची व्हॅन आहे, ती स्वतः चालवते. मंगळवारी काम झालं. गुरुवारी मी गॅरेजात उभा.

"मेस्त्री, गाडी झाली ना?"

"झाली की."

"मग चावी द्या."

"ट्रायल?"

"घ्या आत्ताच. मी बसतो मागं."

"आज वार कुठला?"

"गुरुवार."

"मग?"

आणि गाडीखाली सरकले. नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांना ऐकवलं, की पोरांचे आईबाप दुसरी व्हॅन बघायला लागलेत, आत्याकडं ह्या व्हॅनशिवाय काही नाही. पाय हलले नाहीत.

त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं: 'ट्रायल की सहल? गाडीमालकांनो, जाब विचारा!' एसटी स्टँडवर वाटलं, चहाच्या गाड्यांवर ठेवलं, एक मेस्त्रींच्याही हातात दिलं. त्यांनी हात पुसले, डोळ्यांपासून लांब धरून सगळं वाचलं आणि ग्रीस लावून स्वतःच्याच भिंतीला चिकटवलं. "झकास केलंय. 'ट्रायल रविवारी' हे ठळक टाकलं, बरं झालं. लोकास्नी सांगून सांगून तोंड दुखत हुतं."

असल्या माणसाशी लढायचं तरी कसं?

पण पत्रक लागू पडलं. रविवारी गेलो तर आवारात आमच्या व्हॅनशिवाय एक गाडी नव्हती. मी बारक्या पोरांच्या बाकड्यावर गुडघे हनुवटीला लावून बसलो आणि निघालो. बारामती मागं पडली. मेस्त्री मुद्दाम प्रत्येक खड्डा शोधत होते. "आवाज येतोय का?" "माझ्या हाडांचा येतोय!" "त्यो आपल्याकडं दुरुस्त हुत न्हाय."

शेळगावात एका पत्र्याच्या फाटकासमोर त्यांनी व्हॅन उभी केली. इंजिन चालूच. दोनदा हॉर्न. आतून एक चिमुरडी पळत आली आणि तिच्या मागून हात पुसत एक बाई.

"अब्बा, चा टाकलाय. या की आत."

मेस्त्री मान न वळवता मला म्हणाले, "सांगा तिला, ट्रायल हाय. इंजिन बंद करता येत न्हाय."

"मी का सांगू? ती तुमच्याशी बोलतीये!"

बाई हसली. "तुमी नवीन दिसताय. दर बारीला गिऱ्हाइकच सांगतं." चहा तिनं खिडकीतून आत दिला. मलाही. आणि मी विचारल्यावर, बाप ऐकत असताना, सगळं सांगितलंही. तिच्या नवऱ्यानं नवी पिकअप घेतली आणि पहिल्या सर्व्हिसिंगला कंपनीच्या वर्कशॉपला दिली. सासरा मेस्त्री असताना! मेस्त्रींनी भर चौकात शपथ घेतली, जावयाच्या दारात पाय ठेवणार नाही.

माझा संताप एकदम भलतीकडंच वळला. "अहो, मग मोडा की ती शपथ! उतरा खाली! पोरगी दारात उभी आहे!"

"पाय ठिवणार न्हाय म्हणलोय," मेस्त्री चहा फुंकत म्हणाले. "चाकाचं काय बोललो न्हवतो."

"मग स्वतःच्या स्कूटरवर या."

"तसं आलो म्हंजी पाव्हणा झालो. हितं मी कामावर हाय."

तोवर ती चिमुरडी सरकतं दार ओढून माझ्या शेजारी येऊन बसली होती. "चला नाना!" व्हॅन गावाबाहेरच्या पिंपळापर्यंत जाऊन वळली. तोच रस्ता, तोच ड्रायव्हर, पण आता एकही खड्डा लागेना. मेस्त्रींनी आतला आरसा खाली वळवला होता. रस्ता त्यात दिसणं शक्यच नव्हतं.

"माझ्या नानाकडं लई गाड्या हायत," ती मला हळूच म्हणाली. "दर रविवारी येगळी आणतात. बाकी वारी मी शाळंत असती ना." मग मोठ्यानं, "नाना, फुडच्या रविवारी कुठली?"

"बघू," मेस्त्री म्हणाले.

तिला फाटकाशी उतरवून आम्ही परतलो. गॅरेजात त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली. मी मनाशी ठरवलेलं सगळं ऐकवलं: तुमचं घरचं भांडण तुमच्यापाशी, आत्याचा अख्खा आठवडा गेला, दोन पोरं दुसऱ्या व्हॅनमध्ये गेली, ती आता परत येणार नाहीत. ह्यातला एकही शब्द मी आजही मागं घेत नाही.

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. पहिल्यांदाच. मग मोकळ्या आवारातल्या तेलाच्या डागांकडं बघत राहिले.

मी व्हॅन रस्त्यावर काढली, तेव्हा ते खिडकीशी आले. काचेवर हात ठेवला.

"तुमच्या वळखीत कुणाची गाडी बिघडलीय का हो?" ते म्हणाले. "बारकं काम असलं तरी चालंल."