दादारावांचा जवळचा परदेश

दादाराव इंगळे दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधतात. डाव्या हातावर अकोल्याची वेळ, उजव्या हातावर काठमांडूची. फरक पंधरा मिनिटांचा. एवढी बेरीज त्यांना तोंडी येत नाही अशातला भाग नाही, पण परदेशी व्यवहार असलेल्या माणसाला दोन घड्याळं शोभतात असं त्यांचं मत आहे. कोणी वेळ विचारली की ते उलट विचारतात, "कुठली पायजे?"

माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे त्यांची आंतरराष्ट्रीय बोलणी मला फुकट ऐकायला मिळतात. उभं जग भारतातून सॉफ्टवेअर करून घेत होतं, तेव्हा अकोल्यातून नेपाळला काम देणारा हा एकटाच गडी. कारण विचारलं तर म्हणाले, "इथल्या पोराले सहा महिने शिकवा, सातव्या महिन्यात तो पुण्याले. काहून शिकवू?"

खुद्द त्यांचा नितीनही पुण्यातच. तो अमेरिकेचं काम करतो, म्हणून त्याला अमेरिकेच्या सणांना सुट्टी असते, आपल्या नाही. दादारावांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वारल्यापासूनच्या चार दसऱ्यांत तो घरी आलेला नव्हता. दादाराव यावर कधी बोलत नसत. ते काठमांडूतल्या आपल्या चार जणांच्या टीमवर बोलत.

"दूरच्या परदेशात राम नाई, भाऊ. परदेश कसा जवळचा पायजे. देव तेच, सण तेच, वरण-भात तोच. लफडंच नाई."

ती वर्षंच अशी होती की शेतीत कोणाचं काही खरं नव्हतं. पाहणी पथकं यायची, बांधावर फोटो काढून जायची. कापसावर जगायची अक्कल कापूस पिकवणारा सोडून सगळ्यांना आली होती. दादारावांनी जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर काढलं: गाडी काट्यावर आली की वजनाची पावती आपोआप बाहेर. मोठं गिऱ्हाईक एकच, पातूर रोडवरच्या जिनिंगचे मालक रफीकभाई. ते गेले तर ऑफिसचं शटर ओढावं लागणार, हे भिंतीपलीकडून मलाही कळत होतं.

आमच्याकडे कापूस खरेदीचा मुहूर्त दसऱ्याला. दादारावांनी त्याच दिवशी सॉफ्टवेअर सुरू करायचा शब्द दिला. सगळी आखणी केली, फक्त एक गोष्ट राहिली. नेपाळातही त्या दिवशी दसराच होता. त्याला ते दशैं म्हणतात आणि त्यासाठी अख्खा देश गावी जातो. "सण तेच" हे आम्हाला दोन वर्षं ऐकवणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये, याला हुशारीच लागते.

मुहूर्ताचे पेढे खायला मीही गेलो होतो. काट्याची पूजा झाली, पहिल्या गाडीची सुरेख पावती निघाली. दुसऱ्या गाडीच्या पावतीवर वजन पहिल्या गाडीचंच. तिसरीचंही तेच. सात-आठ पावत्या हातात धरून रफीकभाई म्हणाले, "दादाराव, सब गाड्या जुळ्या पैदा झाल्या का?" मग हसू आवरून म्हणाले, "चार बजेपर्यंत दुरुस्त करा. नाई तर मशीन उचला. सीजन हाय माहा."

काठमांडूच्या ऑफिसात फोन कोणी उचलेना. शेवटी टीमचा मुख्य विष्णू मोबाइलवर सापडला. डोंगरातल्या कुठल्याशा गावी, आपल्या घरी. फोन स्पीकरवर होता.

"सर, माँ टीका लगाने बैठी है। आप बोलो तो अभी निकलता हूँ। कंप्यूटर वाला बाज़ार दो घंटे दूर है।"

वेळेत जमण्यासारखं होतं. मी "सांगा ना" म्हणून खुणावलं. दादारावांनी भलतंच विचारलं.

"हर साल जाता है घर?"

"दशैं में तो आना ही पड़ता है, सर। बड़ों के हाथ का टीका लेना होता है।"

"और कोई नहीं आ सका तो?"

"पूर्णिमा तक चलता है, सर। बड़े लोग राह देखते हैं।"

मागून एका बाईने काहीतरी विचारलं. बहुधा, कोणाचा फोन आहे म्हणून.

"बैठ तू," दादाराव म्हणाले. "टीका ले. खाना खा. इधर सब ठीक है।"

मग त्यांनी रफीकभाईंना सांगितलं की आज होत नाही, आणि स्वतःच्या हातांनी वायरी काढून, कंप्युटर मांडीवर घेऊन ते ऑटोत बसले. मी शेजारी. मला त्यांचा भयंकर राग आला होता. असल्या माणसाने धंदा करूच नये, असं मी तोंडावर म्हणणारही होतो, पण तेवढ्यात त्यांनी फोन लावला.

"नितीन, बेटा, बिझी हाय का? नाई, काम काई नाई. तब्येत बरी हाय. मी म्हन्लं, आज नाई जमलं तरी पुनवेपर्यंत चालते म्हन्ते. सोनं द्याले... पाच दिवस हायेत आखीन."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. दादाराव मांडीवरचा कंप्युटर एका हाताने सावरत ऐकत होते.

"हो, हो," ते म्हणाले. "काम पाय तू. काम सोडून याचं नाई."