पहिल्या पिस्तुलाची सर्वानुमते निवड

ज्या गोष्टीचा त्रास आपल्याला भोगायचा नसतो, त्या गोष्टीविषयी माणूस अतिशय निःस्वार्थी बुद्धीने सल्ला देऊ शकतो. ज्याचा पाय बुटात जायचा असतो, त्याच्याकडून तटस्थपणाची अपेक्षाच करता येत नाही. तो आपला "चावतोय, चावतोय" करत बसतो. म्हणून कुठलाही महत्त्वाचा निर्णय घेताना संबंधित माणसाला थोडं बाजूला बसवावं, त्याला पाणी द्यावं आणि जाणकारांनी कामाला लागावं, हीच पद्धत चांगली.

नेमबाजी संघाची 'प्रथम पिस्तूल निवड उपसमिती' याच तत्त्वावर उभी होती. नवीन सदस्य आपलं पहिलं पिस्तूल घ्यायला निघाला, की ही उपसमिती ते त्याच्यासाठी निवडून देत असे. शिफारशीशिवाय घेतलेलं पिस्तूल संघाच्या आवारात आणायला बंदी होती. (शिफारशीने घेतलेल्या पिस्तुलातून नेम लागलाच पाहिजे, अशी जाचक अट मात्र कुठेही नव्हती.)

या उपसमितीपुढे दातांच्या डॉक्टरीणबाईंचं प्रकरण आलं.

बाई नेमबाजीत आल्या त्या नवऱ्यामुळे. नवऱ्याचं फरशांचं दुकान. नेमबाजीने रुबाब वाढतो असं त्याला कुणीतरी सांगितलं, म्हणून त्याने जोडीने सदस्यत्व घेतलं. पुढे आवाजाने डोकं दुखतं म्हणून तो जो कँटीनमध्ये जाऊन बसला, तो तिथेच रमला. बाई मात्र मैदानात राहिल्या. दिवसभर कण्हणाऱ्या, खुर्चीचे हात आवळणाऱ्या, नेमक्या वेळी जीभ आडवी घालणाऱ्या माणसांच्या दाढेत सुईएवढं हत्यार स्थिर धरायची त्यांना सवय. इथे समोरचा कागद हलत नाही, हीच त्यांना चैन वाटली. शिवाय कानांवर मफ चढवले की कुणाचंही काही ऐकू येत नसे. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

बाई संघाच्या कपाटातलं जुनं, बारीक गोळीचं बावीसचं पिस्तूल वापरत. सगळे त्याला 'म्हातारी' म्हणत. मूठ बारीक, लाकूड झिजलेलं, एका बाजूला चिकटपट्टी. पण बाईंच्या हातात ते रोजच्या पेनसारखं बसायचं, आणि त्यांच्या पाच गोळ्यांची भोकं चहाच्या कपाने झाकता यायची. अशात परगावच्या स्पर्धेला जाणाऱ्या महिला चमूत एक जागा रिकामी झाली आणि निवडचाचणी जाहीर झाली. बाईंना ती जागा हवी होती. नुसती आवडली असती असं नाही, हवी होती. दवाखान्यात कवळीचं माप घेता घेता त्या मनातल्या मनात श्वास रोखून चाप ओढायच्या.

पण चाचणीला पिस्तूल स्वतःचंच हवं, असा नियम. म्हातारी संघाची मालमत्ता. तिला कुणासाठी गाव सोडायची परवानगी नव्हती. तेव्हा बाईंनी साधा अर्ज केला : म्हातारीसारखंच, बारीक मुठीचं, बावीसचं, नवीन पिस्तूल घ्यायचं आहे, शिफारस द्यावी.

अर्ज वाचून उपसमितीने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांना सगळे कर्नल म्हणत. (पाणी खात्यात मीटर तपासत असत. पण टोपी खाकी होती.) कर्नल म्हणाले, "नवख्याला काय हवं हे नवख्यालाच कळायला लागलं, तर आपण इथे कशाला बसलोय?"

हा प्रश्न बिनतोड म्हणून इतिवृत्तात नोंदवला. मग कामकाज पुढे सुरू झालं.

उपसमितीत कर्नलांखेरीज एक ठेकेदार होते, एक विमावाले, चपलाबुटांच्या दुकानाचे मालक बूटवाले, आणि 'कुटुंबाचा प्रतिनिधी' म्हणून खास निमंत्रणावरून आलेला बाईंचा नवरा. बाईंना कोपऱ्यात खुर्ची दिली होती. पाणीही दिलं होतं.

विमावाल्यांनी मुद्दा काढला, "बावीसचं घ्याल, पण घरात चोर शिरला तर?"

"चोरासाठी नकोय हो. कागदावर मारायचंय," बाई म्हणाल्या.

"ते झालं. पण शिरला तर?"

"मग त्याला सांगेन, बाबा, पंचवीस मीटरवर जाऊन नीट उभा राहा."

नवरा खजील होऊन हसला. "तिचा स्वभाव थोडा असा आहे," त्याने सभेला सांगितलं. बावीसचा विषय तिथे संपला. खेळणं घ्यायचं तर खेळण्यांच्या दुकानात जावं, असा शेरा ठेकेदारांनी मारला आणि बत्तीसचं, भरदार, दोन्ही हातांना काम देणारं पिस्तूल घेण्याचं तत्त्वतः ठरलं.

इथे बूटवाल्यांकडून एक गंभीर चूक झाली. आयुष्यभर गिऱ्हाइकाचा पाय पट्टीवर ठेवायची सवय, भान न राहून ते बाईंना म्हणाले, "ताई, जरा हात बघू तुमचा. बोटं केवढी आहेत, ते बघून घेऊ आधी."

सभा हादरली. परक्या बाईचा हात! तोही तिच्या नवऱ्यादेखत! नवऱ्याला आधी काहीच वाटलं नव्हतं. पण सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्यालाही वाटलं. बूटवाल्यांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला, दोनदा माफी मागितली आणि जाताना, आपल्यालाही मोठंच पिस्तूल पसंत आहे, असं स्वतःहून सांगितलं. उपसमितीने सभ्यतेच्या दृष्टीने कायमचा ठराव केला, की महिला सदस्यांच्या बाबतीत हाताचा विषय काढू नये.

आता पिस्तूल हाताने धरायचं आणि हात बघायचा नाही, ही अडचण सामान्य माणसाला वाटेल. उपसमितीला वाटली नाही. प्रत्येक सदस्याला स्वतःचे दोन हात होतेच.

रविवारी सगळे दुकानात गेले. तिथे निळ्या मखमलीवर पिस्तूल ठेवलं होतं. विक्रेत्याने ते रिकामं आहे याची दोनदा खात्री करून कर्नलांच्या हातात दिलं. कर्नलांनी एक डोळा मिटला. "बसतंय." ठेकेदारांनी धरलं. "मस्त बसतंय." विमावाल्यांनी धरलं. नवऱ्याने धरलं, तेव्हा तो समोरच्या आरशात बराच वेळ बघत राहिला. चार सदस्यांच्या आठ हातांपैकी सात हातांत पिस्तूल चपखल बसलं. (आठवा हात विमावाल्यांचा; त्याला प्लास्टर होतं.) इतका स्वच्छ निकाल संघाच्या इतिहासात पूर्वी कधी लागला नव्हता. तोवर बाईंकडे सदस्यांचे चष्मे, किल्ल्या आणि कर्नलांची टोपी सांभाळायला दिली होती.

शेवटी त्यांनी हे सगळं काउंटरवर ठेवलं आणि पिस्तूल घेतलं. मूठ तळव्यात मावेना. चापावर बोटाचं पेर यायला हवं, तिथे नखाचं टोक कसंबसं टेकलं.

"बोट पोचत नाही," बाई म्हणाल्या.

"पोचेल," कर्नल म्हणाले.

"कसं पोचेल?"

"सवयीनं."

"वहिनी," ठेकेदार समजुतीने म्हणाले, "पिस्तूल मोठं नाहीये. बोट लहान आहे."

"आणि उद्या तुमची प्रगती झाली म्हणजे?" विमावाले म्हणाले. "मग पुन्हा बदलत बसणार? घेताना वाढत्या मापाचंच घ्यावं."

अशा रीतीने चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईंची बोटं वाढीला लागतील, असं गृहीत धरून शिफारसपत्रावर सह्या झाल्या. घरी जाताना बाई आपलं बोट ताणून ताणून बघत होत्या. नवरा म्हणाला, "अगं, चार माणसं तुझ्यासाठी आपला रविवार घालवतात. निदान तोंड तरी हसरं ठेवावं."

"माझाही रविवारच गेला ना रे," बाई म्हणाल्या.

"तुझं काय, तुझं कामच होतं ते."

चाचणीपर्यंत बाईंनी जिवाचं रान केलं. बोट चापापर्यंत न्यायचं तर हात मुठीभोवती पिळावा लागे. पिळला की मनगट वाकडं होई. मनगट वाकडं झालं की गोळी डावीकडे जाई. चाचणीच्या दिवशी त्या उभ्या राहिल्या. श्वास रोखला, नळीच्या टोकावरची माशी नेमावर आणली, आणि नखाच्या टोकाने चाप ढकलला. पहिली गोळी डावीकडे गेली. दुसरीही. मग मात्र बाईंच्या लक्षात आलं की हे असंच होणार आहे, आणि उरलेल्या गोळ्या त्यांनी एखाद्या रोग्याला, तो वाचणार नाही हे माहीत असूनही, तपासावं तशा नेटाने, एकेक करून मारल्या. काळ्या वर्तुळात एकही गेली नाही. पिस्तूल खाली ठेवल्यावर त्यांनी मफ लगेच काढले नाहीत.

उपसमितीने कागद तपासून अहवाल दिला : पिस्तूल निर्दोष आहे, बाई डावीकडे जातात.

चमूतली ती जागा रिकामीच राहिली. ती वाया जाऊ नये म्हणून परगावच्या स्पर्धेला कर्नल व्यवस्थापक म्हणून गेले. नवऱ्याने पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवलं. पाहुणे आले की तो ते रिकामं करून दाखवतो आणि "आम्ही घेताना फार विचार केला" असं सांगतो. बाईंनी पिस्तूल बदलण्यासाठी नवा अर्ज केला. त्याला उत्तर आलं, की दुसरं पिस्तूल हे पहिलं नसल्यामुळे विषय उपसमितीच्या कक्षेत येत नाही.

मग एका संध्याकाळी कर्नल गाल धरून दवाखान्यात आले. डावा की उजवा हे विचारायचीही गरज नव्हती, इतका एक गाल सुजला होता.

"ही बघा, ही, खालची," कर्नल खुर्चीत पडता पडता म्हणाले. "काढून टाका."

बाईंनी हातमोजे चढवले. मग उतरवले.

"कर्नलसाहेब, कुठली दाढ दुखतेय हे ज्याचं त्यालाच कळायला लागलं, तर आम्ही इथे कशाला बसलोय?"

त्यांनी दार उघडून बाहेरच्या बाकावरच्या माणसांना आत बोलावलं. शिंपी होता, एक बसचालक होता, एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बाईंनी त्यांना परिस्थिती समजावून सांगितली आणि निःपक्षपाती मत मागितलं. परक्या माणसाच्या तोंडात बघणं सभ्यतेला धरून नव्हतं. म्हणून प्रत्येकाने आपापली जीभ आपापल्या खालच्या दाढेवरून सावकाश फिरवली.

"काही दुखत नाही," शिंपी म्हणाला.

"मला तर अजिबातच नाही," बसचालक म्हणाला.

मुख्याध्यापिकांनी दोन्ही बाजू नीट तपासून सांगितलं, "व्यवस्थित आहे. माणसानं उगाच बाऊ करू नये."

कर्नल खुर्चीत आ वासून पडले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तोंड उघडं असताना शब्द नीट उमटत नाहीत, हे बाईंना धंद्यामुळे माहीत होतं. त्यांनी कर्नलांना चूळ भरायला पाणी दिलं, वेदनाशामक गोळी दिली आणि पुढची बैठक गुरुवारी ठेवली.

वाचकहो, हे वाचता वाचता तुमचीही जीभ खालच्या दाढेवरून एकदा फिरलीच असेल. काही दुखत नाही ना?

मग या. बूटवाल्यांची खुर्ची अजून रिकामी आहे.