विजेचा फळा

त्या शनिवारी सकाळी मधुकर देवरे सरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "संगणकात काही दम नाही. वीज लावलेला फळाच तो. उभा जन्म फळे हाताळलेत मी."

"नाना, माउस धरताना तुमचा हात थरथरतो," वर्षा म्हणाली.

"माझ्यासमोर भलेभले थरथरतात. तो तर उंदीर."

वर्षा उधन्याच्या मराठी शाळेतल्या शिक्षकांना संगणक शिकवायची. वडीलही त्याच वर्गात. घरी 'वर्षे' म्हणून हाक मारणारा हा माणूस वर्गात ती आली की उठून उभा राहायचा आणि "मॅडम, पाणी पिऊन येऊ का?" असं विचारायचा. तिला लपायला बाक पुरायचा नाही.

सोमवारी विश्वस्त येणार होते. प्रत्येक शिक्षकाने संगणकावरचा आपला धडा चालवून दाखवला तर यंत्र शाळेत राहणार, नाहीतर पर्वत पाटियाच्या शाळेत जाणार. आठही शिक्षकांचे धडे तयार होते. खरं तर ते वर्षानेच केले होते. शिक्षक मागे उभे राहून कीर्तनात डोलवतात तशा माना डोलवायचे.

दुपारी ती डबा खाऊन आली, तर नाना रुमालाला हात पुसत होते.

"मॅडम, आवरून ठेवलंय सगळं."

"म्हणजे?"

"तास संपला की फळा पुसायचा. पुढच्या सरांना भरलेला फळा द्यायचा नाही. एकेक करून सगळे धडे पुसले. मग ती कचऱ्याची टोपली भरलेली दिसली, तीही रिकामी केली."

वर्षाने घाईने फ्लॉपींचा डबा ओढला. "असू द्या. फ्लॉपीवर प्रती आहेत."

"त्या तर फारच भरल्या होत्या. मालतीबाई एकेक घालून देत होत्या, मी पुसत होतो."

गणिताच्या मालतीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. भूगोलाच्या भूपेंद्र सरांनी कपाळाला हात लावला. "सर, हाई काय करी टाकं?"

"पुसलं तर पुन्हा लिहू," नाना म्हणाले. "फळ्यावरचं रोज पुन्हा लिहितोच की आपण."

वर्षा रागाने लांब जाऊन बसली. मग नाना खुर्चीत बसले आणि एका बोटाने सुरू झाले. अडले की मालतीबाईंना विचारत, मालतीबाई भूपेंद्र सरांना.

"ते बटण नाही हो."

"मग तुम्ही बसा इथे."

"बसते. सरका."

संध्याकाळी शेजारच्या यंत्रमाग कारखान्याची पाळी सुटली तेव्हा आठ धडे उभे होते. सगळे वाकडेतिकडे, नानांच्या धड्यातली गाय तर चक्क हिरवी. रिक्षात वर्षा तोंड फिरवून बसली. नाना मात्र शीळ घालत होते.

रविवारी पहाटे नाना झोपेतच गेले.

विश्वस्तांनी पाहणी तेराव्यानंतर ठेवली. त्या दिवशी वर्षा मागच्या बाकावर बसली. कुणीच तिच्याकडे वळून पाहिलं नाही, पाहायची गरजच पडली नाही. नानांचा धडा भूपेंद्र सरांनी चालवला.

"गाय लीली केम?" गाय हिरवी कशी, असं एका विश्वस्तांनी गुजरातीत विचारलं.

"साहेब, पलसाण्याला कापड रंगवायच्या गिरण्यांजवळ चरते. तिकडे पाणी रोज नव्या रंगाचं असतं."

विश्वस्त पोट धरून हसले. यंत्र शाळेत राहिलं.

सगळे गेल्यावर वर्षा संगणकासमोर बसली.

"नाना," ती रिकाम्या वर्गात मोठ्याने म्हणाली, "माझ्या शिकवण्याने एकही शिकला नव्हता. तुमच्या गोंधळाने सगळे शिकले. शिक्षक तुम्हीच चांगले."

मग उठता उठता म्हणाली, "पण पुन्हा असं करायचं नाही."