सात नंबरचा हत्ती

एका जंगलात प्राण्यांपेक्षा पाट्या जास्त होत्या. हसू नका, बाळांनो, मोठ्यांच्या जगात असंच असतं.

वडाला अठरा हजार पाट्या टांगलेल्या होत्या. जो प्राणी आहे त्याची, जो नाही त्याची, आणि कधीकाळी चुकून आलाच तर पंचाईत नको म्हणून देवमाशाचीसुद्धा. कुणालाही काम सांगायचं तर पाटीला सांगायचं, हा सिंहमहाराजांचा नियम. पाटीमागे कुणी नाही, हे दिवसभर हाका मारून घसा बसला की कळायचं.

मग साळिंदरराव परमुलखातून शिकून आले. म्हणाले, "प्राणी आला की पाटी लावायची, गेला की काढायची. नावंही नकोत. जो नंबर रिकामा असेल तो द्यायचा." महाराजांनी मान डोलावली. वड एका दिवसात मोकळा झाला आणि खरं सांगते, दिसायलाही छान दिसायला लागला.

एके दुपारी खारूताईच्या ढोलीच्या तोंडावर भलामोठा ओंडका पडला. आत तिची तीन पिल्लं अडकली. त्यांचं चिवचिवणं बाहेर ऐकू येत होतं आणि हिचा जीव खालीवर होत होता. ती धावत वडाखाली आली.

"साळिंदरराव, हत्तीदादांना पाठवा हो."

साळिंदररावांनी हत्तीदादांची पाटी बघितली आणि झोकात हुकूम लिहिला : सात नंबरने ओंडका उचलावा.

तेवढ्यात हत्तीदादा तळ्यावर पाणी प्यायला गेले. गेले म्हणून पाटी उतरली. रिकामा झालेला सात नंबर नुकत्याच आलेल्या कासवाला मिळाला. हत्तीदादा परतले, त्यांना मिळाला नऊ.

कासव बिचारं आज्ञाधारक. हुकूम वाचला आणि लगेच निघालं.

"दादा, तुम्ही इथंच तर उभे आहात," खारूताई रडकुंडीला आली.

"उभा आहे गं. पण हुकूम सातला आहे. मीही उचलला आणि सातनेही उचलला, तर ओंडका दोनदा उचलला जाईल. जबाबदार कोण?"

"नवा अर्ज करा," साळिंदरराव म्हणाले. "फक्त मंजुरी येईपर्यंत हत्तींना तहान लागू देऊ नका."

खारूताई माघारी वळली. ढोलीपाशी गेली आणि कडेच्या लाकडाला दात लावले. सूर्य मावळेपर्यंत कुरतडत होती. हिरड्यांतून रक्त आलं. दोन पिल्लं आपणहून बाहेर आली. तिसरं तिने ओढून काढलं, छातीशी धरलं आणि ते श्वास घेतंय का बघत बसली. घेत होतं हो, घेत होतं.

चौथ्या दिवशी कासव पोहोचलं. पिल्लं बाहेर होती, म्हणजे हुकूम पार पडला होता. सात नंबरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. साळिंदरराव नव्या पद्धतीवर तासभर बोलले.

खारूताई पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्याही वाजवल्या. सात नंबरशी वाईटपणा कोण घेणार? उद्या तिथे वाघ असायचा.

तात्पर्य : व्यवस्थेवर पूर्ण भरवसा ठेवावा. आपलं काम आपणच करून टाकलं, की ती अगदी चोख चालते.