जळबाचा अंगठा आणि कार्यालयाची प्रतिष्ठा

१९७४च्या उन्हाळ्यात हिंगोलीतल्या एका उपविभागीय कार्यालयाच्या असे निदर्शनास आले, की आपले शिपाई चपला घालून हिंडतात. नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी मोठ्या शहरात टोकदार बूट पाहिले होते. कार्यालयाची प्रतिष्ठा वाढावी म्हणून तसेच बूट शिपायांना देण्यात आले. बूट पायात नसतील, तर शिपाई गैरहजर समजला जाईल, असेही ठरले.

शिपाई जळबा टपाल घेऊन एस.टी.ने सेनगावला आणि तिथून पायी साखऱ्याला जाई. त्याचा पाय पुढून रुंद होता, बूट पुढून निमुळता. तडजोड अर्थातच पायाने केली. दिवाळीपर्यंत अंगठा शेजारच्या बोटावर कलला आणि त्याच्या मुळाशी हाडाचा लालबुंद उंचवटा बाहेर आला.

"अंगठ्यानं काहून तोंड फिरवलं?" बायको चतुराबाईने विचारले. "बूट पाहून का मला पाहून?"

डॉक्टर पुनमचंदांनी मात्र पाय नीट दाबून पाहिला. मलम चोळून हाड आत जात नाही, असे त्यांनी सांगितले. पुढून ऐसपैस चप्पल घालावी, अंगठ्याच्या बेचक्यात कापसाची घडी ठेवावी, सूज आली तर बर्फ लावावा. याने अंगठा सरळ होणार नाही, पण तकलीफ कमी होईल. बूट चालूच ठेवला, तर पुढे ऑपरेशन आहेच.

जळबाने चपलेची परवानगी मागितली. हेडक्लार्क किसनरावांनी, प्रत्यक्ष पाहणीशिवाय दुखणे ग्राह्य धरता येत नाही, असा शेरा मारला. पाहणी साहेबांच्या खोलीत ठरली. त्या दारात शिपायाने पायताण काढायचे, हा रिवाज कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो कधी मोडतही नसे. किसनराव बुटांसह आत गेले. जळबा बूट बाहेर काढून गेला.

"आत्ता दुखतंय का?" साहेबांनी विचारले.

"न्हाई साहेब. बूट काढला की बरं वाटतं."

उंचवटा आढळला, वेदना आढळली नाही, अशी नोंद झाली.

दुसरी पाहणी बूट घालून व्हावी, असे ठरले. बुटासह खोलीत येता येत नसल्याने ती व्हरांड्यात झाली. जळबा चार पावले चालला आणि कण्हला. वेदना आढळली, उंचवटा बुटात असल्याने आढळला नाही. खोलीबाहेर बूट काढावा, तर जळबा गैरहजर ठरत होता, आणि गैरहजर माणसाची पाहणी करता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आढळत नसल्याने त्यांचा परस्परसंबंध नाही, असा निष्कर्ष निघाला.

जळबाने मग वस्तऱ्याने बुटाला बाजूने भोक पाडले. उंचवटा बाहेर आला, पण दाब गेल्याने दुखणे थांबले. वर सरकारी मालमत्तेला छिद्र पाडल्याबद्दल, नोकरीवरून का काढू नये, अशी नोटीस मिळाली.

जळबा हात जोडून उभा राहिला. "साहेब, बूट सरकारचा हाय, पाय माझा हाय. दोन्ही रोज घेऊन येतो. फकस्त एकात एक घालायला सांगू नका."

साहेबांना दया आली. त्यांनी नियमात 'पायात' ऐवजी 'सोबत' असा बदल केला. चप्पल गणवेशात बसत नसल्याने ती नामंजूरच राहिली. नोकरी वाचली.

पुढच्या टपालाला जळबा साखऱ्याच्या गल्लीतून अनवाणी निघाला, बूट हातात धरून. पारावरची वडीलधारी मंडळी बघतच राहिली. अलीकडे जळबाच्या समाजाची पोरे त्यांच्यासमोरून पायताण घालून जाऊ लागली होती, आणि ते त्यांना सलत होते. जुनी रीत बराबर जाणणारा असा शिपाई आता कुठे मिळतो, असे त्यांनी कार्यालयाला आवर्जून कळवले. साहेबांनी जळबाचा सत्कार केला. हार घालून घेताना तो साहेबांच्या खोलीत अनवाणीच उभा होता.

वाचकांना किसनरावांचे हसू आले असेल. यावेच. उद्या आपल्या दारी जळबासारखा कोणी टपाल घेऊन येईल आणि चपलेसकट उंबरा ओलांडेल. तेव्हा आपण आधी टपालाकडे बघतो की पायांकडे, एवढेच बघावे.