खोब्रागडे बाबूंचा हातोडा

आमच्या गल्लीत माणसं भेटली की 'जेवले का?' विचारतात. खोब्रागडे बाबू 'तपासलं का?' विचारत. फाटकापाशी विचारत, भाजीच्या हातगाडीजवळ विचारत. एकदा तर मयतीला जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, रविवारचं तपासलं का?"

"तपासलं," मी म्हणालो.

"काय आलं?"

"गुड आलं."

"अस्सं." मग ते माझ्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिले.

मी काहीही तपासलेलं नसायचं, हे आधीच सांगून टाकतो.

बाबूंची सगळी नोकरी वनखात्याच्या लाकूड डेपोत झाली, शेवटची कितीतरी वर्षं आलापल्लीकडे. निवृत्त झाल्यावर ते आणि मंगलाबाई चंद्रपुरात आमच्या शेजारी राहायला आले. मुलगा मिलिंद बंगलोरला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. एका दिवाळीत त्याने वडिलांसाठी त्याचा जुना कॉम्प्युटर आणला. त्यात चित्रंबित्रं नव्हती. काळा पडदा, आणि त्यावर हुकूम टाइप करायचे. ई-मेल शिकवून झाल्यावर जाता जाता त्याने गंमत म्हणून फाइलवर सही कशी करतात तेही दाखवलं.

त्या सहीसाठी दोन किल्ल्या असतात. एक फक्त आपल्याजवळ. तिने सही करायची. दुसरी खुशाल सगळ्यांना वाटायची. ती ज्याच्याजवळ असेल त्याला सही खरी आहे का, आणि सहीनंतर मजकुरात एखादं टिंब तरी बदललं का, हे ताडून पाहता येतं. आमच्या कॉलेजात एका तज्ज्ञाने एवढं समजवायला पुढे दीड तास घेतला. बाबूंना अर्ध्या मिनिटात कळलं.

"हा तं हातोडाच आहे ना जी," ते मला म्हणाले.

डेपोतून निघणाऱ्या प्रत्येक ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याची छाप मारतात. हातोडा कुलपात. छाप कशी दिसते ते मात्र वाटेवरच्या प्रत्येक तपासणी नाक्याला ठाऊक. "हातोडा एकापाशी, छाप सगळ्याईले माहीत. यात नवं काय केलं या लोकायनं?"

"आणि नाक्यावर छाप जुळली नाही तर?"

"गाडी अडवाची. अन् ज्याचा माल त्याले कळवाचं. नाक्याचं कामच ते."

त्या दिवसापासून दर रविवारी बाबू मिलिंदला सही केलेलं पत्र पाठवू लागले, आणि एक प्रत मला. "तुमी माझा नाका," असं मला सांगण्यात आलं. माझी संमती विचारण्यात आली नाही.

नाका उभारणं सोपं नव्हतं. वाटायची किल्ली त्यांनी मला ई-मेलने पाठवली आणि वर बजावलं की तिच्यावर विश्वास ठेवू नका. "मधात कोनी बदलली असन तं?" मग त्या किल्लीची ओळख पटवणाऱ्या चाळीस अक्षरांचा कागद घेऊन ते आमच्या व्हरांड्यात बसले. मी आतल्या खोलीतून पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायची, त्यांनी बाहेरून ताडायची.

"तीन, एफ, नऊ, शून्य!"

"बरोबर!"

"बी, बी, दोन, सात!"

"बरोबर!"

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "हाऊजी लागली का कुणाला?"

सही करताना एक गुप्त वाक्य टाइप करावं लागतं. तेव्हा ते सगळ्यांना खोलीबाहेर काढत. सगळे म्हणजे मी आणि त्यांची मांजर.

"मांजरीला वाचता येत नाही, बाबू."

"तुमाले येते ना."

तपासण्याचा हुकूम त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून माझ्या भिंतीला टांगला होता: जीपीजी, मग दोन आडव्या रेघा, व्हेरिफाय, मग फाइलचं नाव. 'गुड' आलं तर सही जुळली, 'बॅड' आलं तर मजकूर बदललेला. मी त्या पुठ्ठ्यावर कॅलेंडर लावलं. पत्रं मात्र वाचत असे. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, चार-पाच ओळी. घुग्घुसकडची धूळ, मोहर्लीला कुणाला वाघ दिसला, मंगलाबाईंनी केलेली जवसाची चटणी. एप्रिलच्या शेवटी मंगलाबाई गेल्या. मिलिंद आला, तेरा दिवस राहिला, गेला. त्यानंतरच्या पत्रांत चटणी नव्हती. शेवटची ओळ ठरलेली असे: मी मजेत आहो, काळजी करू नको. मला वाटलं, खंबीर माणूस आहे.

सप्टेंबरात आमच्या कॉलेजात संगणकीय स्वाक्षरीची कार्यशाळा झाली. कॉम्प्युटरला हार घातला, कुंकू लावलं. त्यातलं थोडं कीबोर्डात सांडलं. वर सांगितलेले तज्ज्ञ अकरा वेळा 'क्रांती' म्हणाले. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, एकडाव करून दाखवा ना." वीज चालू होती, पण पाहुण्यांनी वीज गेल्यासारखा चेहरा केला.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. आभार मानताना मला शेजारच्या घरातला, हारबीर न घातलेला कॉम्प्युटर आठवत राहिला. घरी येऊन कॅलेंडर बाजूला केलं आणि पहिल्यांदाच तो हुकूम टाइप केला.

बॅड सिग्नेचर.

टाइप करताना चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. तेच. मग जुनी पत्रं काढली. एप्रिलपर्यंतची सगळी गुड. त्यानंतरची वीस, सगळी बॅड. आणि त्या वीसही पत्रांना मी 'गुड आलं' म्हणून सांगितलं होतं.

बाबू अंगणात बादलीतल्या सागाच्या रोपाला पाणी घालत होते.

"बाबू, तुमची पत्रं वाटेत कुणीतरी बदलतंय. बॅड येतंय."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तपासलं तुमी?"

"आत्ता."

"पयल्यांदा?"

मी मान डोलावली.

"चला, एका नाक्यावर तं माल सापडला," असं म्हणून ते मला आत घेऊन गेले. पडद्यावर त्यांनी दोन फाइली शेजारी शेजारी लावल्या: सही केली तेव्हाचं पत्र, आणि पाठवलेलं पत्र. फरक एकाच ओळीचा होता. पाठवलेल्यात, मी मजेत आहो, काळजी करू नको. सही केलेल्यात, घर खायाले उठते, जमलं तं दोन दिवस ये.

"दर रविवारी खरं लिहतो," ते म्हणाले, "सही करतो. मंग वाटते, पोरगं दूर आहे, नोकरी आहे, काऊन त्याच्या जिवाले घोर लावा? म्हनून ओळ बदलतो अन् पाठवतो."

"मग बदलल्यावर पुन्हा सही करायची."

"खोट्यावर हातोडा मारू?" ते खरोखर चिडले.

"निदान जुनी सही काढून टाकायची."

"मंग त्याले कळन कसं?"

मांजर टेबलावर येऊन बसली. आज तिला कुणी बाहेर काढलं नाही.

"मिलिंदला सांगू का मी?"

बाबू पडद्याकडे बघत होते. "नाक्यावर माल अडला तं काय करतेत, सांगतलं होतं तुमाले."

मी घरी येऊन मिलिंदला एका ओळीचं ई-मेल टाकलं: वडिलांचं रविवारचं पत्र तपासून पाहा. दहा मिनिटांत उत्तर आलं. "हो काका, तपासलं. गुड आहे."

ते उत्तर माझ्या चांगल्याच ओळखीचं होतं. मी फोन लावला.

"मिलिंद, मीही वीस वेळा हेच म्हणालोय. आता तपास. मी थांबतो."

तो ओशाळं हसला. मग कीबोर्डाची टकटक ऐकू आली. थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली.

"काका," त्याने विचारलं, "कधीपासून?"

"एप्रिलनंतर."

टकटक पुन्हा ऐकू आली नाही.