नडगीवरचे थर

"पायाखाली बघून चला," असं पर्यटकांना बजावत सोमनाथ वेरूळच्या लेण्यात उलटा चालत होता आणि तसाच पायरीवरून खाली गेला. ग्रुपकडे तोंड करून उलटं चालायचं, ही त्याची खास ऐट. त्या दिवशी ऐट वरच राहिली आणि उजवी नडगी पायरीच्या कडेवर खरवडत खाली आली.

हर्सूलच्या डॉक्टरीणबाई करुणाताईंनी जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली.

"ही झाकलेलीच राहू द्या. सारखी उघडायची नाही. आणि शुगर तपासून घ्या."

"आमच्या घरात कुणालाच शुगर नाय मॅडम."

"कधी तपासली होती?"

"तपासायचं कामच नाय पडलं."

पुढच्या आठवड्यात शहरात कसली तरी परिषद होती आणि तिचे पाहुणे बस भरून वेरूळला येणार होते. इतकी वर्षं फोटो काढण्यापुरतं ऐकणाऱ्या कुटुंबांना लेणी दाखवल्यावर असा शिकलासवरला ग्रुप सोमनाथला पहिल्यांदाच मिळाला होता. पाय बरा नाही झाला, तर हा ग्रुप दुसऱ्या गाईडकडे, बासितकडे जाणार होता. बासित माणूस चांगला, पण कैलास लेणं अर्ध्या तासात उरकणारा. तेव्हा सोमनाथने जखम झपाट्याने बरी करायचं मनावर घेतलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

सगळ्यांत आधी शेजारच्या आशाबाई आल्या. हातात पेढे.

"बघू तरी."

"उघडायची नाय म्हणल्यात बाई," सोमनाथची बायको तनुजा म्हणाली.

"आता घरी आलेल्या माणसाला निसती पट्टी दाखवू का?" सोमनाथ म्हणाला आणि गाठ सोडली.

आशाबाईंनी मान हलवली. "हळद नाय लावली? मग कशी भरंल?"

हळद बसली. संध्याकाळी कारभारीकाका इमरती घेऊन आले. त्यांनी हळदीला नावं ठेवली आणि चुना लावला. लासूर स्टेशनच्या आवडाबाई मावशीला यायला जमलं नाही, तिने व्हिडिओ कॉलवर जखम पाहिली आणि टूथपेस्ट सुचवली. "थंड पडतं लई," असं तिचं म्हणणं. येणाऱ्याने आणलेलं गोड त्याच्यासमोर खायचं असतं, म्हणून सोमनाथ खात होता. गेल्यावर उरलेलं वाया जाऊ नये म्हणून खात होता.

खरं सांगायचं तर त्याला हे सगळं आवडत होतं. घरबसल्या माणसं येत होती, तो पडल्याची हकिकत रंगवून सांगत होता आणि कुणी मधेच सेल्फी काढत नव्हतं. ऐकायला कुणी नसलं की तो एकटा बसून खपलीची कड नखाने उचलून बघायचा. आतलं बरं झालंय का, एवढंच बघायचं असायचं.

"मूर्तीला हात लावला तर पब्लिकवर वरडता," तनुजा म्हणाली, "अन् ह्येला?"

"ही माझी हाय."

पाहुण्यांची बस आली, तेव्हा सोमनाथ पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तिकीट खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. नडगी सुजून लाल झाली होती, चढउतार शक्यच नव्हती. बासित छत्री उंच धरून पुढे चालू लागला. सोमनाथला फार वाईट वाटलं, आणि दोष द्यायला स्वतःशिवाय कुणी सापडेना, म्हणून जास्तच वाटलं.

इतक्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई रांगेत थबकल्या. कैलासाकडे पाठ करून त्या नडगीकडे बघू लागल्या.

"हे काय झालंय? बघू जरा."

त्यांच्यामागे आणखी दोघं वाकली. मग सगळी बसच भोवती जमली. परिषद कसली आहे, हे विचारायचं सोमनाथला सुचलंच नव्हतं. ती जखमा आणि त्वचेच्या डॉक्टरांची होती.

समोर माणसं बघून सोमनाथचा आवाज आपोआप सुटला. "कडेला पिवळा दिसतो तो आशाबाईंचा हळदीचा काळ. त्याच्यावर पांढरा थर चुन्याचा. मधे निळसर झाक आहे, ती टूथपेस्टची, हा भाग अलीकडचा. खपलीची पडझड मात्र आम्ही स्वतः केलेली आहे."

कुणी हसलं नाही. लोक टिपून घेत होते, फोटो काढत होते, खपली किती वेळा काढली हे विचारत होते. इतका मन लावून ऐकणारा ग्रुप त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. दूर बासित छत्री धरून एकटाच उभा होता.

कुणाच्या तरी बॅगेतून शुगरचं यंत्र निघालं. आकडा भलताच वर गेला होता. बाईंनी तो सोमनाथसमोर धरला.

"खाली नवी कातडी रोज धरते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही रोज ती उपटता. वर चुना आणि पोटात पेढे. भरणार कशी? पाय गमवायचाय का?"

सोमनाथची मान खाली गेली. या वेळी त्याला खरोखर पटलं होतं. बाईंनी जखम स्वच्छ केली, मलम लावून नवी पट्टी चिकटवली आणि बजावलं, "आता उद्या तुमच्या डॉक्टरांकडे जायचं, शुगरचं औषध सुरू करायचं. त्यांनी उघडेपर्यंत ही कुणालाही दाखवायची नाही."

"नाय दाखवणार. शपथ."

मंडळी लेण्याकडे गेली. बासित मागे रेंगाळला.

"सोमनाथभाई, सब लोगां देखे. मैंच नहीं देखा."

सोमनाथने मान वळवून पाहिलं. बाई कैलासाच्या दारातून आत शिरत होत्या.

"जल्दी देख," तो म्हणाला आणि पट्टीची कड उचलली.